'आणि'चे प्राध्यापक

विद्यार्थी त्यांना समोर 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'तळटीप सर'. नाव पडायचं कारण साधं होतं. सर बोलायला लागले की मूळ वाक्य बाजूला राही आणि त्याच्या खालची टीपच अर्धा तास चाले. एकदा पावसाची सर आली म्हणून वर्गात कुणीतरी विचारलं, "सर, खिडकी लावू का?" तर प्राचीन हिब्रूत खिडकीला किती शब्द आहेत आणि त्यांतला कुठला कुठे येतो हे सांगून होईपर्यंत पहिल्या बाकावरच्या तीन वह्या भिजून चिंब झाल्या.

धर्मशास्त्र महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच जायची. खोलीत पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या होत्या आणि दोन्हींवर पुस्तकांचे ढीग. भेटायला आलेल्या माणसाला उभ्यानेच बोलावं लागे, त्यामुळे कुणी पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबत नसे. सरांचा मात्र पक्का समज होता, की आजकालच्या मुलांमध्ये चिकाटीच उरलेली नाही.

त्यांचं सगळं नाव उभं होतं ते एका अक्षरावर. हिब्रू बायबलात 'आणि' हा वेगळा शब्द नसतो. एक अक्षर असतं, पुढच्या शब्दाला चिकटलेलं. त्या एका अक्षरावर सरांनी अकरा वर्षं घालवली आणि सहाशे चाळीस पानांचा ग्रंथ लिहिला. तो पूर्ण वाचलेली माणसं पृथ्वीतलावर चार होती: दोन परीक्षक, स्वतः सर आणि त्यांची बायको. पैकी एका परीक्षकाबद्दल सरांच्या मनात शंका होती.

बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. डॉक्टरांचं अक्षर लावण्यात तिची हयात गेलेली, त्यामुळे सरांचं हस्तलिखित वाचू शकणारी तीच एकटी. तिनेच ते सगळं टाइप केलं. कुणी विचारलंच, "वहिनी, काय आहे हो त्या पुस्तकात?" तर ती म्हणे, "आणि. बाकी काही नाही."

सर चर्चला मात्र न चुकता जात. रविवारी तिसऱ्या रांगेत कडेला बसत आणि पाळकांच्या उपदेशातल्या चुका एका छोट्या वहीत टिपून घेत. पाळकांना वाटे, एवढा मोठा विद्वान आपला उपदेश उतरवून घेतोय. ते बिचारे व्यासपीठावरून सरांकडे पाहून जरा हळू बोलत.

हे असंच सेवानिवृत्तीपर्यंत चाललं असतं. पण एका वर्षी महाविद्यालयाच्या नियामक मंडळातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी भर बैठकीत तोंड उघडलं. "तुमची मुलं हिब्रू क्रियापदं घडाघडा चालवतात," त्या म्हणाल्या, "पण ज्या घरात माणूस गेलंय तिथे जाऊन काय बोलावं हे त्यांना कळत नाही. माझे यजमान गेले तेव्हा तुमचा एक पदवीधर आला आणि मृत्यू ह्या संकल्पनेचा विकास समजावून गेला."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. प्राचार्यांनी तिथल्या तिथे समिती नेमली: 'विद्या-मंडळी सेतू समिती'. मंडळी म्हणजे चर्चला येणारी माणसं. सर त्या दिवशी दाढ काढायला गेले होते. बैठकीला गैरहजर असलेला सर्वांत ज्येष्ठ माणूस म्हणून अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात पडलं.

"पण मी भाषेचा माणूस," सर सुजलेल्या गालाने म्हणाले.

"म्हणूनच तर!" प्राचार्य म्हणाले. "विद्वत्ता इकडे, मंडळी तिकडे, आणि मध्ये तुम्ही. शिवाय तुमच्या बढतीच्या फॉर्ममध्ये 'मंडळीशी नातं' हा रकाना कोराच आहे. शिलालेखवाल्यांचाही कोरा आहे म्हणा."

शिलालेखवाले म्हणजे शेजारच्या खोलीतले सहकारी. प्राचीन दगडांवरची अक्षरं वाचण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एकोणीस वर्षांत ते चर्चची पायरी चढले नव्हते. प्रमुख प्राध्यापकाची एक जागा लवकरच रिकामी होणार होती आणि ती दोघांनाही हवी होती. सरांनी अध्यक्षपद घेतलं.

समितीचं पहिलं काम म्हणून त्यांनी आपल्याच चर्चमध्ये उपदेश केला. विषय अर्थात 'आणि'. विसाव्या मिनिटाला गायनमंडळातल्या दोघी एकमेकींच्या खांद्यावर कलंडल्या. पंचेचाळिसाव्या मिनिटाला सेक्रेटरीबाईंनी चिठ्ठी पाठवली. सरांना वाटलं, कुणाला तरी शंका आहे. त्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली: "बाहेर पुढच्या उपासनेची माणसं उभी आहेत."

घरी येताना सरांनी विचारलं, "कसा झाला?"

"खरं सांगू?" बायको म्हणाली. "गोळ्यांसोबतचा तो घडीचा कागद असतो ना, बारीक अक्षरांतला? सगळं बरोबर असतं त्यात. पण माणूस विचारतो, जेवणाआधी घेऊ का नंतर?"

सर दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, उपदेश नको, अभ्यासवर्ग घ्यायचा. दर बुधवारी संध्याकाळी सहा वाजता, चर्चच्या मागच्या छोट्या हॉलमध्ये. पहिल्या बुधवारी सहा माणसं आली. त्यांतली दोघं हॉल चुकून आली होती, ती उठून गेली. उरले चौघं. एक प्लंबरमामा, साठी ओलांडलेले, शर्टच्या खिशात कायम टेप. दुसऱ्या शिवणकाम करणाऱ्या मावशी, ज्या बोलताना समोरच्याच्या कॉलरकडे पाहत. तिसरा शाळेची बस चालवणारा ड्रायव्हर, आणि चौथ्या सेक्रेटरीबाई, ज्या हॉलला कुलूप लावायचं म्हणूनच बसल्या होत्या. सरांची बायको दुकानातून परस्पर येई आणि मागच्या खुर्चीवर पाय मोकळे करून बसे.

सरांनी फळ्यावर चार प्रश्न लिहिले. कुठलंही जुनं लिखाण वाचताना हे विचारायचे: कुणी लिहिलं? कुणासाठी लिहिलं? त्याला काय माहीत होतं? त्याने काय गाळलं? मग त्यांनी 'प्रक्षेप' म्हणजे काय तेही सांगितलं: मूळ लेखकाच्या लिखाणात दुसऱ्याच कुणीतरी मागाहून घुसवलेलं वाक्य.

"म्हणजे जोडकाम," मावशी म्हणाल्या.

"अं... हो. एका अर्थी."

"शिवण दिसतेच मग. कितीही सफाईने घाला."

सरांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा, वर्गात कधी न येणारा भाव आला. समोरच्याला कळलंय असा.

बुधवारांमागून बुधवार गेले. एकदा वाचायला आली विहिरींची जुनी गोष्ट. एक मेंढपाळ विहीर खणतो, शेजारचे येऊन भांडतात, तो पुढे सरकतो, दुसरी खणतो, पुन्हा भांडण, पुन्हा पुढे. सरांनी सवयीने सांगितलं, की इथे प्रत्येक वाक्य 'आणि'ने सुरू होतं, आणि ह्याची व्याकरणदृष्ट्या सात कारणं संभवतात.

प्लंबरमामा बराच वेळ मान हलवत बसले होते. ते म्हणाले, "सात कशाला? एकच आहे. माणूस दमलाय."

"कोण माणूस?"

"सांगणारा. मी संध्याकाळी घरी जातो, आमची ही विचारते, काय केलंत दिवसभर? मी सांगतो, आणि अमक्याकडे गेलो, आणि पाइप खोलला, आणि मालक ओरडला, आणि दुसरीकडे गेलो, आणि तिथेही तेच. दमलेल्या माणसाला 'म्हणून' आणि 'जरी' सुचत नाही, सर. तो नुसता 'आणि आणि' करतो. ज्याच्या हाताला माती लागलीय ना, त्याने सांगितलेली गोष्ट आहे ही."

सरांच्या हातातला खडू खाली पडला. सहाशे चाळीस पानांत हे कुठेच नव्हतं. अकरा वर्षं ते त्या अक्षराकडे इतक्या जवळून पाहत होते, की ते कुणाच्या तरी तोंडून आलंय हेच त्यांना दिसलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण विद्वान माणसाला साक्षात्कार झाला तर तो त्याचं काय करतो? लेख करतो. सरांनी तीन आठवड्यांत लेख लिहून काढला. मथळा दोन ओळींचा, मध्ये अपूर्णविराम. बायकोने तो दोन सुट्ट्यांत टाइप केला. विषयातल्या सर्वांत नामांकित त्रैमासिकाने तो छापला, आणि एकदम सरांचं नाव झालं. परिषदेची आमंत्रणं आली. एका समीक्षकाने लिहिलं, 'ग्रंथालय आणि मंडळी ह्यांच्यामधला पूल.' प्राचार्यांनी ते वाक्य महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर छापलं आणि शेजारी खऱ्याखुऱ्या पुलाचा फोटो टाकला. शिलालेखवाले आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत.

आनंदाच्या भरात सरांनी लेखाची एक प्रत चर्चच्या पुस्तकांच्या कपाटाला भेट दिली. त्या कपाटातलं कधी कुणी काही वाचत नसे, हे त्यांना ठाऊक होतं. पण कपाटात जाणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारून नोंद करायचं काम सेक्रेटरीबाईंचं, आणि त्या नोंद केल्याशिवाय ठेवत नसत, नि वाचल्याशिवाय नोंद करत नसत.

पुढच्या बुधवारी सर आले तेव्हा चौघं आधीच बसलेले. प्रत्येकाच्या हातात झेरॉक्स.

"आज हे वाचायचं म्हणतोय," प्लंबरमामा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता.

"हे? अहो, हे फार तांत्रिक आहे..."

"तुम्हीच म्हणालात की, कुठलंही लिखाण. बसा सर. आज फळ्यावर मी."

मामांनी फळ्यावर चार प्रश्न लिहिले. अक्षर ठसठशीत होतं, सरांपेक्षा कितीतरी चांगलं.

"कुणासाठी लिहिलं?" मामांनी विचारलं.

"आपल्यासाठी नाही," ड्रायव्हर म्हणाला. "पहिल्याच पानावर 'अल्पशिक्षित श्रोतृवर्ग' म्हटलंय. आपल्याला वाचून दाखवायचं असतं तर असं लिहिलं नसतं. निदान पान दोनवर तरी ढकललं असतं."

"लेखकाला काय माहीत होतं?"

"नावं माहीत होती," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "वर्षभराची हजेरी माझ्याकडे आहे."

"काय गाळलं?"

"तीच."

मामांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "हे ऐका. 'श्रोता क्रमांक तीन, पुरुष, वय साठीच्या पुढे, हस्तव्यवसायी.' हस्तव्यवसायी म्हणजे काय हो सर? मी काय लोकांचे हात बघून भविष्य सांगतो?"

ड्रायव्हरला हसू फुटलं, पण मामा हसले नाहीत. "आणि खाली लिहिलंय, 'ह्या निरीक्षणावरून प्रस्तुत लेखक असा सिद्धान्त मांडतो'. मांडला कुणी?"

ह्या विषयातल्या भल्याभल्यांशी त्यांनी वाद घातला होता. एका परिषदेत एका म्हाताऱ्या पंडिताला अर्धविरामावरून रडवलं होतं. पण इथे त्यांना एकही तळटीप सुचेना.

तेवढ्यात मावशी शेवटच्या पानावर बोट फिरवत म्हणाल्या, "इथे जोड आहे बघा."

"कुठे?"

"एकदम शेवटी. वरचं सगळं कापड एक. जाड, फुलाफुलांचं, श्वास घेता येणार नाही असं. आणि हे शेवटचं वाक्य सुती. 'ह्या माणसांनी मला ऐकायला शिकवलं, त्यांचं ऋण मोठं आहे.' हे ज्याने वरचं लिहिलं त्याने लिहिलेलं नाही. हात वेगळा आहे."

"म्हणजे प्रक्षेप?" ड्रायव्हर हरखून म्हणाला. "सर, तुमच्या लेखात प्रक्षेप?"

सरांनी कागद ओढून घेतला. वाक्य खरंच तिथे होतं. ते त्यांनी लिहिलेलं नव्हतं. छापून आल्यावर त्यांनी लेख निदान दहा वेळा चाळला होता, पण शेवटच्या परिच्छेदापर्यंत ते कधी गेलेच नव्हते.

मागच्या खुर्चीवर बायको पर्समध्ये काहीतरी शोधत होती. काय शोधत होती देव जाणे.

"अगं?"

"मी घातलं," ती म्हणाली. "तुम्ही तिथे 'नमुन्याच्या मर्यादा' असं लिहिलं होतं. मला वाटलं, तुम्ही प्रूफ वाचाल आणि चिडून खोडाल. खोडताना तरी लक्षात येईल. तुम्ही वाचलंच नाहीत."

एक चर्चा सरांनी आयुष्यभर वर्गात रंगवून सांगितली होती: मूळ लेखकाच्या वाक्यापेक्षा मागाहून घातलेलं वाक्यच कधीकधी खरं कसं असतं. ती स्वतःवर बेतल्यावर किती झोंबते, हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं. ते "येतो" एवढंच म्हणाले आणि छत्री तिथेच विसरून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मामांना शोधत एका शाळेत पोचले. मामा मुलांच्या हात धुवायच्या जागेखाली शिरले होते. बाहेर दिसत होते फक्त दोन पाय. सरांनी रात्रभर घोळवलेलं भाषण त्या पायांना उद्देशून सुरू केलं. "माझ्या हातून जी बौद्धिक अप्रामाणिकता..."

"सर, तो मोठा पाना द्या जरा."

सरांनी पाना दिला.

"हा नाही. मोठा."

सरांनी दुसरा दिला. तो बरोबर निघाला, ह्याचा त्यांना उगाचच आनंद झाला. "मामा, मी माफी मागायला आलोय."

"ऐकतोय की. पाणी ठिबकतंय म्हणून तोंड बंद ठेवलंय." मग थोड्या वेळाने खालून आवाज आला, "माफी राहू द्या. ते तीन नंबर काढा आणि माझं नाव घाला. आमच्या हिला दाखवायचंय. ती म्हणते, तुम्ही बुधवारी कुठे जाता देव जाणे."

सरांनी संपादकांना पत्र लिहिलं, की लेखातला मुख्य विचार अमुक गृहस्थांचा आहे, त्यांना सहलेखक करावं. महिन्याने उत्तर आलं: 'सहलेखकाची संलग्न संस्था कळवावी, अन्यथा नोंद करता येत नाही.' सरांनी ते मामांना वाचून दाखवलं.

"संलग्न म्हणजे जोडलेलं ना?" मामा म्हणाले. "लिहा, शहरातले निम्मे नळ."

सरांनी खरंच तसं लिहून पाठवलं. त्यांच्या आयुष्यातला हा पहिला लेखी विनोद. संपादकांना तो कळला नाही. त्यांनी पाणीपुरवठा खात्याचा पूर्ण पत्ता मागवला.

ह्या भानगडीत बढतीची मुलाखत आली. तीन तज्ज्ञ, मध्ये प्राचार्य. एकाने विचारलं, "आपल्या संशोधनाचा मंडळीवर काय परिणाम झाला?"

"काही नाही," सर म्हणाले. "मंडळीचा माझ्या संशोधनावर झाला. लेखातला एकच विचार नवा आहे आणि तो माझा नाही. एकच वाक्य चांगलं आहे, तेही माझं नाही."

तज्ज्ञांनी एकमेकांकडे पाहिलं. प्राचार्य टेबलाखालून सरांच्या पायाला पाय लावायला गेले, पण लागला तो एका तज्ज्ञाच्या पायाला.

जागा शिलालेखवाल्यांना मिळाली. त्यांनी 'मंडळीशी नातं' ह्या रकान्यात लिहिलं होतं: 'चर्चच्या दर्शनी भिंतीवरील कोनशिलेचा सखोल अभ्यास.' ती कोनशिला रस्त्यावरून वाचता येत होती. समितीने शेऱ्यात लिहिलं, 'समाजाभिमुख दृष्टी.' सेतू समितीचं अध्यक्षपदही ओघाने त्यांच्याकडे गेलं.

सरांना वाईट वाटलं. दोन आठवडे ते शेजारच्या खोलीवरून जाताना घड्याळात पाहत जात, म्हणजे तिकडे पाहायला नको. बायकोने एकदाच विचारलं, "पस्तावलात?"

"थोडा," सर म्हणाले. मग जरा वेळाने, "बराच. पण जे सांगितलं ते बदलावंसं वाटत नाही."

"मग बरंय," ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात अजून थोडी भाजी वाढली.

चौदा महिन्यांनी त्रैमासिकात दुरुस्ती छापून आली. शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, मामांच्या आडनावात एक चूक करून. मामांनी ती कापून हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आणि आडनाव पेनाने दुरुस्त केलं. त्यांच्या बायकोने ते पाहून विचारलं, "म्हणजे बुधवारी तुम्ही अभ्यास करत होता?" आणि त्यावर बरेच दिवस तिचा विश्वास बसला नाही.

पुढच्या वर्षी नव्या अध्यक्षांनी मोठा उपक्रम जाहीर केला: 'सामान्य विश्वासू आणि शास्त्राभ्यास', म्हणजे साध्या भाविकांनी शास्त्र कसं वाचावं, ह्यावर कार्यशाळा. दहा व्याख्यानं, दर बुधवारी संध्याकाळी सहा वाजता, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. पत्र सेक्रेटरीबाईंकडे आलं. त्यांनी शिक्का मारला, नोंद केली आणि सरांना फोन लावला.

"हॉल गेला, सर. सामान्य विश्वासूंसाठी राखून ठेवलाय."

"मग सामान्य विश्वासूंनी कुठे जायचं?"

"तेच विचारायला फोन केला."

त्या बुधवारी सगळे सरांच्या घरी आले. जेवणाच्या टेबलावरची पुस्तकं उचलून पलंगावर गेली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून ड्रायव्हर शेजाऱ्यांकडून दोन स्टुलं मागून घेऊन आला. मावशींनी बसल्या बसल्या सरांच्या कॉलरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उलटवायला द्या मला पुढच्या वेळी, विरलीय." मामांनी आधी स्वयंपाकघरात जाऊन नळ उघडून पाहिला, बंद केला, आणि काहीही न बोलता येऊन बसले, म्हणजे तो ठीक असावा.

"आज कुठून?" बायकोने विचारलं. आता ती मागे नव्हती, टेबलाशीच बसली होती, आणि वाचायचं काम तिच्याकडे होतं.

सरांनी पान काढून दिलं. तिने पान वाचून संपवलं. सरांनी बोलायला तोंड उघडलं, तोच ड्रायव्हर म्हणाला, "थांबा सर. आधी मला हे सांगा, ह्या गोष्टीतली बाई एवढा वेळ गप्प का बसलीय?"

"कारण तिला कुणी विचारलंच नाही," बायको आणि मावशी एकदमच म्हणाल्या, आणि दोघींमध्ये लगेच वाद सुरू झाला, कारण दोघींची कारणं वेगवेगळी होती. सरांनी खिशातली छोटी वही काढली आणि भराभर उतरवून घ्यायला लागले. प्रत्येक वाक्यापुढे बोलणाऱ्याचं पूर्ण नाव घालत होते, त्यामुळे ते सारखे मागे पडत होते.